सातभाई सर

आमच्या कॉलेजात दरवर्षी नव्याने येणारी मुलं सरांचं आडनावच सातभाई आहे असं समजायची. एकदा एका पालकांनी लेखी तक्रार केली, की प्रा. सातभाई शिकवायचं सोडून मुलांना तासभर खिडकीबाहेर बघायला लावतात. प्राचार्यांनी सरांना बोलावून तो कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “आडनाव चुकलंय. बाकी बरोबर आहे.”

सातभाई नावाचा पक्षी असतो हे ठाण्याच्या नौपाड्यात जन्म गेलेल्या मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. मातकट रंग, विस्कटलेली पिसं, पांढुरके डोळे आणि कायम कुणावर तरी वैतागल्यासारखा चेहरा. दिसायला असा, की पक्षी बघायला जाणारी माणसंसुद्धा त्याला बघत नाहीत. आमचं कॉलेज डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला. मागच्या कुंपणापलीकडे खाडीपर्यंत सुबाभळी आणि विलायती चिंचा माजलेल्या. तिथे सातभाईंचं एक टोळकं होतं. पाचोळा उलटापालटा करत, एकमेकांवर कचाकचा ओरडत ते दिवसभर फिरायचं. सरांचं सगळं आयुष्य त्या टोळक्यामागे गेलं असं म्हटलं तरी चालेल.

ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. आमच्यात समान काही नव्हतं. पण स्टाफरूममधली माझी खुर्ची खिडकीजवळची आणि ती खिडकी सरांची, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला मी आयतीच सापडले. गळ्यात दुर्बीण. तिचा पट्टा कधीतरी तुटलेला, तेव्हापासून त्या जागी लेंग्याची नाडी. ती नाडी घालून ते परीक्षेला सुपरव्हिजन करायचे, झेंडावंदनाला यायचे, लग्नाकार्यालाही जायचे.

“एकटा पक्षी म्हणजे नुसता पक्षी,” ते म्हणायचे. “चार जमले की मग खरी मजा. कोण कुणाला टाळतंय, कोण कुणाची पिसं साफ करतंय. ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नाही, मॅडम. ओरडणं हा नुसता गोंगाट. कोण कुठे बसतं ते बघायचं.”

टोळकं खाली चरत असताना एक जण उंच फांदीवर बसून पहारा करतो. एका जोडीची पिल्लं बाकीचे सगळे मिळून भरवतात. संध्याकाळी सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात आणि टोकाला बसलेल्याला थंडी वाजली की तो उडून मध्ये घुसतो. मग आधी मधला असलेला कुणीतरी टोकाला जातो. हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगायचे, की जणू त्यांच्या नात्यातलं कुणी पास झालंय.

हे पक्ष्यांपुरतं असतं तर बरं होतं. पण सर माणसांकडेही तसंच बघत. माझ्या भावाच्या लग्नाला मी स्टाफला बोलावलेलं. नौपाड्यातला हॉल, सगळं खानदान जमलेलं. सर जेवायच्या आधी तासभर खांबाला टेकून उभे होते. मग माझ्या वडिलांजवळ जाऊन अगदी नम्रपणे म्हणाले, “तुमचे धाकटे बंधू तुम्ही आलात की दर वेळी उठून दुसरीकडे जातात. जमिनीचं काही आहे का?”

जमिनीचंच होतं. आणि ते आम्ही मुलीकडच्यांपासून शिताफीने लपवून ठेवलेलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. “कोण हा माणूस?” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, “कॉलेजातले आहेत. जरा तसेच आहेत. मी नव्हतं बोलावलं.” सर तिथून चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पंगतीत त्यांनी दोन वेळा मठ्ठा मागून घेतला आणि जाताना आईला सांगून गेले की व्यवस्था उत्तम होती.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. कोपर स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांच्या बायकोने चहा पुढे ठेवला आणि त्या म्हणाल्या, “घरात आम्ही दोघंच. दोघांचं काही टोळकं होत नाही, म्हणून माझ्याकडे बघायची वेळच येत नाही यांच्यावर.” सर मनापासून हसले. मग म्हणाले, “बरोबर आहे तिचं.” मला त्या बाईंचं हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आता डब्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्या स्टाफरूममध्ये एक लांब टेबल आहे. मधल्या सुट्टीत सगळे त्याच्याभोवती बसतात आणि डबे उघडून ते फिरायला लागतात. सुरुवात पंख्याखालच्या खुर्चीतून, म्हणजे उपप्राचार्य बाईंपासून. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. डबा आला की आपल्या झाकणात चमचाभर भाजी घ्यायची, ‘वा’ म्हणायचं आणि पुढे सरकवायचा. कुणाची गवार, कुणाचं पंचामृत, कुणाची उपासाची खिचडी. आपला डबा फिरून परत येतो तेव्हा त्यात तळाशी थोडंसंच उरलेलं असतं, आणि जेवढं कमी उरेल तेवढा त्या घरचा मान मोठा. नव्या माणसाला आम्ही अभिमानाने सांगतो की आमच्याकडे कुणी आपापला डबा खात नाही. सर या टेबलाला कधी बसले नाहीत. खिडकीत उभं राहून केळं आणि मूठभर शेंगदाणे खायचे.

त्या वर्षी फिजिक्सला नव्या मॅडम आल्या. आंबिवलीहून यायच्या. हुशार, नीटनेटक्या, हसून बोलणाऱ्या. आडनाव कळलं, गळ्यातल्या साखळीत बुद्धाचं छोटं पदक दिसलं, आणि कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे असल्या वेळी कुणी काही बोलत नाहीच. त्यांना टेबलाशी माझ्या शेजारची खुर्ची मिळाली. सगळ्यांचे डबे त्यांच्यापुढे यायचे, आणि नुसते यायचे नाहीत, आग्रह व्हायचा. “घ्या हो मॅडम, लाजता काय, अजून घ्या.” आणि त्यांचा डबा फिरायला लागला की कुणाला पित्त झालेलं असायचं, कुणाला तिखट वर्ज्य असायचं, कुणाचं पोट आत्ताच भरलेलं असायचं. डबा छान हसून, दोन्ही हातांनी, पुढे सरकवला जायचा. मीही सरकवायचे. मी तर त्यातल्या भाजीचं नाव विचारायचे, कौतुक करायचे आणि मग सरकवायचे. मी जातपात मानत नाही, असं तेव्हाही कुणी विचारलं असतं तर मी तडक सांगितलं असतं.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत्या. बाहेरचे परीक्षक आलेले, त्यांना मोठ्या बाईंनी टेबलाशी बसवून घेतलं. पाहुण्यांच्या पुढ्यात डबे येऊ लागले तशा बाई रंगात आल्या. “आमच्याकडे हे असं, घरच्यासारखं. कुणाचा डबा कुठला, पत्ताच लागत नाही.”

“लागतो की,” खिडकीतून सर म्हणाले.

“काय म्हणालात, सर?”

“पत्ता लागतो. या फिजिक्सच्या मॅडमचा डबा भरलेलाच परत येतो त्यांच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी रोज बघतोय.”

एवढ्यावर सर थांबते तर काहीतरी हसून सावरता आलं असतं. पण ते खिडकी सोडून टेबलाजवळ आले. हातात अर्धं सोललेलं केळं, आणि चेहऱ्यावर तो पास झालेल्या नातेवाइकाचा आनंद.

“आणि गंमत अशी, की त्यांना तुम्ही सगळे देता. भरभरून देता. सातभाईंमध्ये मी हे दोन-तीनदाच बघितलंय, म्हणून कुठे बोलत नाही. चारा देणं म्हणजे माया असतेच असं नाही. वरचा खालच्याला भरवतो. खालच्याने वरच्याला द्यायला जावं, तर वरचा चोच फिरवतो. अगदी तस्संच इथे. आज वांगी आहेत बघा त्यांच्याकडे. बाईंनी चोच... म्हणजे मान फिरवली, मग इंग्लिशच्या सरांनी, मग या मराठीच्या मॅडमनी...”

“अहो काहीतरीच काय, सर!” मोठ्या बाई म्हणाल्या. “आम्हाला तिखट सोसत नाही एवढंच.”

“माझ्या भावाच्या लग्नातही यांनी असंच केलेलं,” मी म्हटलं. माझ्या तोंडून पहिलं हेच आलं.

परीक्षक ताटात बघून भराभर जेवायला लागले. फिजिक्सच्या मॅडमच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. स्टीलचं घट्ट झाकण, ते नीट बसेना. सगळे त्या झाकणाकडेच बघत होते.

“सर, पुरे ना आता,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, आणि डबा उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या नेहमीप्रमाणे येऊन बसल्या. त्यांनी डबा उघडला, आजही वांगीच होती, आणि आम्ही त्याच्यावर अक्षरशः तुटून पडलो. मोठ्या बाईंनी भलामोठा चमचा भरून घेतला. ज्यांना पित्त व्हायचं त्यांनी घेतलं, ज्यांना तिखट वर्ज्य होतं त्यांनी घेतलं, घाम पुसत घेतलं. “वा! काय चव आहे!” “मसाला घरचा का हो?” मी दोनदा घेतलं. डबा फिरून त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यात तेलाचा ओघळ तेवढा उरलेला. मॅडमनी तो बघितला. मग चपातीला कुणाच्या तरी लोणच्याचा खार लावून त्या जेवल्या, आणि आम्ही प्रत्येक जण आपापला डबा पुढे करायचा विसरून त्यांच्या वांग्यांचं कौतुक करत राहिलो. लाज वाटल्यावर माणूस सुधारतो असं मी मुलांना निबंधात लिहायला लावते. त्या दिवशी आम्ही लाज वाटल्यावर दुसऱ्याच्या ताटातलं ओरबाडून खाल्लं.

तिसऱ्या दिवसापासून त्या फिजिक्सच्या लॅबमध्ये जेवायला लागल्या. रीडिंग तपासायची आहेत, म्हणाल्या. कुणी त्यांना बोलवायला गेलं नाही. उलट टेबलावरचा आवाज मोकळा झाला, विनोद परत सुरू झाले. हे लिहितानाही मला त्या मोकळेपणाची शरम वाटते, कारण त्यात माझंही हसणं होतं.

सर मात्र खुशीत होते. “बघितलंत? दुसऱ्याच दिवशी वर्तन बदललं!”

“सर, त्या आता येतच नाहीत.”

“हो, ते बघितलं मी. टोळक्याबाहेर गेल्या.”

“गेल्या नाहीत, तुम्ही घालवलंत,” मी म्हटलं. आमच्या सगळ्यांच्या वाटणीचा राग मी त्यांच्यावर काढला. “चारचौघांत, पाहुण्यांसमोर, केळं नाचवत! त्यांना काय वाटलं असेल याचा जरा तरी विचार केलात?”

सरांनी गळ्यातली नाडी काढली, दुर्बीण खिडकीच्या कठड्यावर ठेवली. कधी नव्हे ते आपली नजर कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

“माफी मागायला हवी,” ते म्हणाले. “तुम्ही येता का बरोबर? मी एकटा काहीतरी भलतंच बोलेन.”

लॅबमध्ये मॅडम टेबलाशी बसून खरंच रीडिंग तपासत होत्या. सर दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “माझं चुकलं. मी तुमच्या बाजूने बोलत होतो, पण...”

“सर, मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “पहिल्या आठवड्यात कळलेलं मला. आई पहाटे उठून स्टाफसाठी म्हणून जास्तीचं करते. पोरगी कॉलेजात लागली, सगळ्यांबरोबर बसून जेवते, याचं तिला केवढं आहे. मी रोज आंबिवलीला उतरले की प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून उरलेलं सगळं खायचे. भूक असो नसो. मग घरी जाऊन रिकामा डबा द्यायचे, की आई, पुरलं नाही गं आज, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. तेवढं एक मी सांभाळून होते. तुम्ही ते सगळ्यांसमोर मांडून ठेवलंत. आता तो परीक्षक माझ्याच गल्लीतला निघाला असता तर?”

सरांनी भिंतीला हात टेकला. “मी विचारायला हवं होतं तुम्हाला.”

“पक्ष्यांना विचारता का तुम्ही, बघू का म्हणून?”

“नाही.”

“मग मला कशाला विचाराल!”

सरांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, “तुमच्यासाठी बोललो असं मी म्हणतो, पण ते खरं नाही. मला ते दिसलं, दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, याचाच आनंद झाला होता मला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मी मध्ये काहीतरी बोलायला गेले. आम्हा सगळ्यांना वाईट वाटतंय, मोठ्या बाईसुद्धा परवापासून, असं काहीबाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नाही.

“तुम्हाला वांगी आवडतात ना, मॅडम? दोनदा घेतलीत परवा.”

मी वळून स्टाफरूममध्ये परत आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर केळं आणि शेंगदाणे घेऊन लॅबच्या दारात गेले. “मी इथे बसून खाल्लं तर चालेल का?” मॅडम म्हणाल्या, “बसा. पण बघायचं नाही.” हे मला लॅबच्या शिपायाने सांगितलं, आणि पुढचं मी येताजाता स्वतः पाहिलं. सर एक स्टूल ओढून फळ्याकडे तोंड करून बसायचे, मॅडमकडे पाठ. आधी कुणीच बोलायचं नाही. नंतर त्या बोलायला लागल्या, आणि सर फळ्याकडे बघत उत्तरं द्यायला लागले. पुढे कधीतरी मॅडमनी डब्याचं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं असणार, कारण केळं बंद झालं. निवृत्त होईपर्यंत सर त्या लॅबमध्येच जेवले. स्टाफरूमची खिडकी मोकळी राहिली. टेबलाकडे त्यांनी परत म्हणून बघितलं नाही. निरोप समारंभात मोठ्या बाईंनी त्यांना शाल दिली आणि भाषणात म्हणाल्या की सर आमच्या कुटुंबातलेच. सर शालीच्या घडीवरून हात फिरवत मान खाली घालून बसले होते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अजून लांबचं नीट दिसत नाही, बायको खिडकीत बसून पक्ष्यांचं वर्णन करते, पण सगळ्यांना चिमण्याच म्हणते, अशी तक्रार. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “मॅडम कुठे जेवतात हो आता? मी फोन केला की बोलतात, पण हे सांगत नाहीत.”

“लॅबमध्येच.”

“एकट्याच?”

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. सर गेल्यापासून त्या एकट्याच जेवतात. रोज सुट्टीची बेल झाली की मी मनाशी म्हणते आज जाऊ या, आणि माझ्या हातात कुणाचा तरी डबा येतो.

“नाही हो,” मी म्हटलं. “मी असते ना त्यांच्याबरोबर.”

“काय सांगता!” सर जवळजवळ ओरडलेच. मग फोन बाजूला धरून बायकोला सांगताना मला ऐकू आलं, “अगं, ऐकलंस का, त्या दोघी एकत्र जेवतात! मराठीच्या मॅडम जातात तिकडे!” परत फोनवर येऊन म्हणाले, “फार बरं केलंत. मला फार काळजी लागून राहिली होती. आणि त्यांच्या आईच्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणत होते.”

“बरा आहे आता गुडघा,” मी म्हटलं.

त्यांच्या आईचा गुडघा दुखतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरांनी माझे पुन्हा पुन्हा आभार मानले आणि फोन ठेवला. ती लॅब आमच्या स्टाफरूमच्या बरोबर समोर आहे. मध्ये फक्त व्हरांडा आहे.